गर्भ गेला, रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ आलं… म्हणजे नेमकं काय?

मंडळी, गर्भ पडल्यावर बऱ्याच घरांत ‘टॉर्च’ नावाची रक्ततपासणी होते. कागदावर ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की घर हादरतं, आणि बोलणी खाते ती सूनच. म्हणून आधी तो कागद वाचायला शिकूया.

या तपासणीत रुबेला, सीएमव्ही, हर्पिस हे विषाणू आणि टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी यांच्याविरुद्ध शरीरानं बनवलेल्या अँटीबॉडी बघतात.

👉 आयजीजी पॉझिटिव्ह: संसर्ग पूर्वी कधीतरी, अगदी लहानपणीही, होऊन गेला. आपल्याकडे सीएमव्ही बहुतेक मोठ्या माणसांना होऊन गेलेला असतो. रुबेलाचं आयजीजी लसीमुळेही येतं, आणि ते असलेलं चांगलंच.

👉 आयजीएम पॉझिटिव्ह: संसर्ग अलीकडचा असू शकतो. पण आयजीएम कित्येक महिने रक्तात राहतं, कधी खोटंही पॉझिटिव्ह येतं. म्हणून डॉक्टर २-३ आठवड्यांनी पुन्हा रक्त घेऊन आयजीजी वाढलं का ते बघतात, किंवा ‘अ‍ॅव्हिडिटी’ तपासणी सांगतात. अ‍ॅव्हिडिटी जास्त आली तर संसर्ग सहसा ३-४ महिन्यांपेक्षा जुना असतो.

👉 रुबेला आयजीजी निगेटिव्ह: डॉक्टरांना लसीचं विचारा. ही लस गरोदरपणात घेत नाहीत, आणि घेतल्यावर १ महिना दिवस जाऊ द्यायचे नाहीत.

पहिल्या ३ महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष असतो. त्यात आईची काही चूक नसते. वारंवार गर्भ जाणाऱ्या बायकांची सरसकट टॉर्च तपासणी बंद करा, असं ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं २०११ मध्येच सांगितलं.

आणखी एक. रुबेला, सीएमव्ही, हर्पिस माणसाकडून माणसाला लागतात, मासळीतून नाही. टोक्सोप्लाझ्मा मांजराच्या विष्ठेतून आणि अर्धकच्च्या मटणातून येतो. मासळी सुकवतो तिथं मांजरं फिरतातच, तेव्हा तिथलं काम झाल्यावर साबणानं हात धुवा.

भोपाळकरांना वेगळं सांगायला नको. १९८४ च्या वायुगळतीनंतर कितीतरी बायकांचे गर्भ गेले. तो दोष त्या बायकांचा होता का?

तेव्हा नुसत्या कागदावरून औषधं सुरू करू नका. आधीचे सगळे रिपोर्ट घेऊन हमीदिया किंवा एम्स भोपाळच्या स्त्रीरोग विभागात दाखवा. नवऱ्यानंही सोबत जावं, होडी एक दिवस किनाऱ्याला राहिली तरी चालेल.