राणीविरहित मधमाशी-वसाहत : निदान, उपाय आणि मराठवाड्याचे ऋतुमान

मधमाश्यांच्या वसाहतीत फलित अंडी घालण्याचे कार्य एकटी राणीमाशी करते. कामाच्या हंगामात कामकरी माशीचे आयुष्य सुमारे सहा आठवड्यांचे असल्यामुळे राणी नाहीशी झाली की वसाहतीचा ऱ्हास ओघानेच येतो. परंतु तो लगेच दृष्टीस पडत नाही. राणीने घातलेल्या शेवटच्या अंड्यांतून जवळजवळ तीन आठवडे नव्या माश्या बाहेर पडत राहतात, पेटीच्या दाराशी ये-जा चालू राहते आणि सर्व यथास्थित असल्याचा समज होतो. उपाययोजनेचा निर्णय याच अवधीत घ्यावा लागतो. तो कोणता असावा, हे वसाहतीच्या स्थितीइतकेच त्या प्रदेशातील फुलोऱ्याच्या हंगामावरही अवलंबून असते. नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या दृष्टीने या दुसऱ्या बाजूस विशेष महत्त्व आहे.

राणीच्या अस्तित्वाची जाणीव वसाहतीस तिच्या जबड्याजवळील ग्रंथींतून स्रवणाऱ्या गंधद्रव्यामुळे होते. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे सी. जी. बटलर यांनी १९५० नंतरच्या दशकात या 'राणीद्रव्या'चा अभ्यास केला. या द्रव्याचा पुरवठा थांबताच काही तासांत वसाहतीत अस्वस्थता पसरते. त्यानंतर कामकरी माश्या अगदी कोवळ्या अळ्यांपैकी काही निवडून त्यांना सतत रॉयल जेली भरवितात व त्यांच्या घरांचे रूपांतर राणीघरांत करतात. अशी आपत्कालीन राणीघरे बहुधा पोळ्याच्या मध्यभागी असतात; वसाहत फुटण्याच्या वेळी बांधलेली राणीघरे पोळ्याच्या खालच्या कडेस लोंबतात. हा भेद निरीक्षकाने प्रथम ध्यानात घ्यावा, कारण दुसऱ्या प्रकारात जुनी राणी थव्यासह बाहेर पडलेली असते आणि नवी तयार होण्याच्या मार्गावर असते.

राणी प्रत्यक्ष शोधण्यापेक्षा तिचे कार्य तपासणे अधिक विश्वसनीय ठरते. अंडे तीन दिवसांनी उबते. म्हणून पोळ्यात उभी, ताजी अंडी आढळल्यास गेल्या तीन दिवसांत राणी हयात होती असे समजावे. अंडी नाहीत पण उघड्या अळ्या आहेत, तर ती नाहीशी होऊन तीन ते नऊ दिवस लोटले आहेत. केवळ झाकलेले कोष उरले असतील, तर नऊ दिवसांहून अधिक काळ गेला आहे. मात्र अंडी नसणे हा राणीच्या अभावाचा पूर्ण पुरावा नव्हे. पेटीत नुकतीच जन्मलेली, अद्याप मीलन न झालेली राणी असू शकते. या शंकेचे निरसन करण्यासाठी दुसऱ्या निरोगी वसाहतीतील अंडी व कोवळ्या अळ्या असलेली एक चौकट आत ठेवतात. दोन-तीन दिवसांत तीवर राणीघरे बांधली गेली, तर वसाहत राणीविरहित आहे असा निष्कर्ष निघतो.

वसाहतीने स्वतः राणी घडविल्यास किती काळ जातो, याचा हिशेब उद्बोधक आहे. एपिस मेलिफेरा या जातीत राणी अंड्यापासून १६ दिवसांत बाहेर पडते. कोवळ्या अळीपासून प्रारंभ झाला तरी सुमारे १२ दिवस, पुढे मीलनास साधारण एक आठवडा व अंडी घालण्यास आणखी काही दिवस, असे एकूण सुमारे २३ दिवस होतात. तिच्या पहिल्या अंड्यातून कामकरी माशी निघण्यास आणखी २१ दिवस लागतात. म्हणजे राणी नाहीशी झाल्यापासून सुमारे ४४ दिवसांनी नवी पिढी दिसते. त्यांपैकी शेवटचे तीन आठवडे एकही नवी माशी जन्मास येत नाही. सातेरी, म्हणजे एपिस सेराना इंडिका, हिच्या बाबतीत हे कालावधी थोडे कमी असले तरी हिशेबाचे स्वरूप तेच राहते.

नवी राणी घडली नाही आणि पोळ्यात अळ्याही उरल्या नाहीत, तर काही कामकरी माश्यांचे अंडाशय वाढीस लागतात. त्यांचे मीलन झालेले नसल्याने त्यांच्या अंड्यांतून केवळ नर निपजतात. अफलित अंड्यांतून नर जन्मतात हा सिद्धान्त योहान झिएरझोन यांनी १८४५ मध्ये मांडला होता. एका घरात अनेक अंडी, ती तळाऐवजी भिंतीला चिकटलेली, आणि कामकऱ्यांच्या लहान घरांवर फुगीर झाकणे, ही या अवस्थेची लक्षणे होत. सातेरीत ही अवस्था मेलिफेराच्या मानाने बरीच लवकर येते. म्हणून सातेरीच्या पालकास उपलब्ध असलेला अवधी प्रत्यक्षात अधिकच कमी असतो.

येथे ऋतुमानाचा प्रश्न उपस्थित होतो. नव्या राणीच्या मीलनास प्रौढ नर हवेत, आणि नर अंड्यापासून २४ दिवसांनी जन्मून पुढे सुमारे १२ दिवसांनी मीलनक्षम होतो. मध व परागाची टंचाई भासू लागली की कामकरी माश्या नरांना हाकलून देतात. महाबळेश्वरच्या परिसरात एप्रिल-मे महिन्यांत जांभूळ फुलते व तो मधाचा हंगाम असतो. नांदेड-लातूरकडे मात्र तूर, करडई आणि पुढे कडुनिंब यांचा बहर ओसरल्यावर तीव्र उन्हाळ्याची टंचाई येते. त्यामुळे सह्याद्रीत जो उपाय त्या महिन्यांत यशस्वी होतो, तोच मराठवाड्यात अपयशी ठरण्याचा संभव असतो. मीलन न झालेली राणी काही आठवड्यांनी अंडी घालू लागते खरी, पण तीही केवळ नरांची.

यावरून उपायांचा क्रम ठरविता येतो. तूर किंवा करडई फुलोऱ्यावर असताना, पेटीत नर असताना व वसाहत बलवान असताना कोवळ्या अळ्यांची चौकट देऊन राणी घडू द्यावी; मीलन झालेली राणी मिळत असल्यास ती तीन-चार दिवस पिंजऱ्यात ठेवून सोडल्याने सुमारे तीन आठवडे वाचतात. तत्पूर्वी आतील सर्व राणीघरे मोडणे आवश्यक असते. उन्हाळ्यात, किंवा वसाहत दुर्बळ झाली असताना, ती राणी असलेल्या वसाहतीस जोडून टाकणे श्रेयस्कर होय. दोन कक्षांमध्ये टाचणीने छिद्रे पाडलेला वर्तमानपत्राचा कागद घातला असता माश्या तो कुरतडेपर्यंत दोहोंचा गंध मिसळतो व झुंज टळते. कामकऱ्यांनी अंडी घालण्यास प्रारंभ केला असेल, तर त्या नवी राणी बहुधा स्वीकारीत नाहीत. अशा वेळी आठवड्यास एक याप्रमाणे तीन आठवडे उघड्या अळ्यांची चौकट दिल्यास त्यांचे अंडाशय पुन्हा दबतात; परंतु त्यासाठी दुसऱ्या वसाहतीची तेवढी संतती खर्ची पडते.

लातूर भागात ज्या सूर्यफुलावर दीर्घकाळ संशोधन झाले, त्या पिकात दाणे भरण्यास मधमाश्यांचे परागीभवन उपकारक ठरते. फुलोऱ्याच्या वेळी जी पेटी रिकामी होत चालली आहे, तिचा शेतकऱ्यास काहीच उपयोग नाही. उन्हाळ्यात दोन दुर्बळ वसाहती वाचविण्याच्या प्रयत्नात दोन्ही गमावण्यापेक्षा एक सबळ वसाहत पावसाळ्यापार नेणे आणि पुढे तुरीच्या बहरात तिचे विभाजन करणे, हाच या प्रदेशास अनुरूप असा मार्ग होय.