आधी दाब मोजा, मग चालायला लागा



गेल्या लावणीच्या वेळची गोष्ट. अंबड तालुक्यातील आमच्या एका ज्येष्ठ सभासदांना बी.पी.ची गोळी चालू. 'डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय' म्हणत ते स्वतःच ट्रॉलीतून खताची पोती उतरवू लागले. चौथ्या पोत्याला डोळ्यांपुढे अंधारी आली अन् बांधावरच बसले. निभावले, हे नशीब. तेव्हापासून आम्हाला गावोगाव एकच प्रश्न येतो : "साहेब, दाब असलेल्या माणसानं व्यायाम करावा का नाही?"

आम्ही डॉक्टर नव्हे, उसातली माणसं. पण डॉक्टरांकडून समजून घेतले ते सांगतो.

व्यायाम करावाच. नियमित चालण्याने वरचा दाब साधारण 5 ते 8 अंकांनी उतरतो. मात्र चालणे वेगळे अन् ओझे उचलणे वेगळे. पोते उचलताना आपण दम कोंडतो, त्या क्षणी दाब एकदम चढतो. 1985 साली कॅनडात 5 धडधाकट व्यायामपटूंचा दाब पायांनी जड वजन रेटताना मोजला, तो सरासरी 320/250 भरला! ठिबकचे व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटार सुरू करावी, तशातली ही गत.

लावणीआधी आपण माती तपासतो, तसा व्यायामाआधी दाब तपासा. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको अन् 5 मिनिटे शांत बसा.

1) दाब 180/110 किंवा वर असेल तर व्यायाम सुरू करू नका, आधी डॉक्टर गाठा. सोबत छातीत दुखत असेल वा धाप लागत असेल तर लगेच 108 ला फोन करा.

2) हृदयविकार, साखर किंवा पूर्वी अर्धांगाचा झटका असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

3) बाकीच्यांनी रोज 10 मिनिटांपासून चालायला लागावे. हळूहळू 30 मिनिटे, आठवड्यातून 5 दिवस. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढाच वेग.

4) एकदम थांबू नका, वेग हळूहळू कमी करा. उन्हाळ्यात सकाळीच चाला. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना उन्हात चक्कर येऊ शकते.

5) बरे वाटले म्हणून मनाने गोळी बंद करू नका.

पोती दाब नसलेल्या गड्यांना उचलू द्या. खोडवा पुन्हा फुटतो, माणसाला खोडवा नसतो. पुढच्या खेपेला गावात आलो की तुमच्या उसाआधी तुमचा दाब विचारू!

आपला,
ऊस विकास विभाग