वाऱ्याला वेसण घालणारी शाळा

बसा पोरांनो, ऐसपैस बसा, कंदिलाची वात जरा वर करा, कारण आज जी गोष्ट सांगणार आहे ती ऐकायला सवड हवी. एका शाळेतल्या मास्तरांनी आणि पोरांनी मिळून त्या वेळची जगातली सगळ्यांत मोठी पवनचक्की आपल्या हातांनी उभी केली, आणि देशाच्या वीजजाळ्याला जोडूनही दाखवली, त्याची ही गोष्ट.

मुलूख डेन्मार्कचा. तिथल्या लोकांना वाऱ्याचं वेड जुनंच. अस्कोव्ह नावाच्या गावात पॉल ला कूर नावाचे एक मास्तर होते, त्यांनी 1891 मध्ये शाळेतच पवनचक्कीवर वीज करायला घेतली. पण वारा पडला की वीज जाणार, म्हणून त्या विजेनं पाणी फोडून हायड्रोजन वायू टाकीत साठवायचा आणि रात्री त्यावर शाळेचे दिवे लावायचे, अशी त्यांची युक्ती. अधूनमधून त्या वायूत चुकून थोडा ऑक्सिजन मिसळे, मग असा बार उडे की खिडक्यांच्या काचा नव्यानं बसवाव्या लागत. पण मास्तर मागे हटले नाहीत. त्यांच्याकडे शिकलेल्या योहानेस यूल यांनी पुढे 1957 मध्ये गेडसरला तीन पात्यांची, 200 किलोवॉटची चक्की उभारली. आज साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर तुम्ही तीन पात्यांच्या चक्क्या बघता ना, त्यांचं घराणं शोधत गेलात तर वाट या गेडसरवरून जाते.

मग आला 1973 चा ऑक्टोबर. अरब देशांनी तेलाचा हात आखडता घेतला आणि डेन्मार्कची पार त्रेधा उडाली, कारण देशाचा जवळजवळ सगळाच गाडा बाहेरून आणलेल्या तेलावर चाललेला. रविवारी रस्त्यावर मोटार काढायची नाही, असा हुकूम निघाला. अणुवीज आणावी की काय, यावर घरोघरी वाद सुरू झाले. त्याच दिवसांत क्रिस्टियान रीसागर नावाच्या एका सुतारानं गेडसरचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून, लाकूड नि जुन्या ट्रकचे सुटे भाग जमवून घरामागे चक्की उभी केली आणि सरळ घरातल्या विजेच्या तारेला जोडली. सांगतात की वारा सुटला आणि त्याचं मीटर उलटं फिरायला लागलं!

आता हे मीटर उलटं फिरतं कसं, ती गंमत ऐका, कारण ती तुमच्या विहिरीवरही आहे. पाण्याच्या मोटारीवर पत्र्याची पाटी असते, तिच्यावर कित्येकदा 1440 असा आकडा दिसतो. म्हणजे मोटार मिनिटाला तेवढे फेरे घेते. पण तारेतल्या विजेची ओढ असते 1500 फेऱ्यांची, आणि मोटार जेवढी मागे पडते तेवढी वीज खात राहते. आता तीच मोटार कुणीतरी बाहेरून जोर लावून 1500 च्या थोडी पुढे पळवली, तर ती खायचं सोडून वीज तारेत परत ढकलायला लागते. बदल मोटारीत काहीच नाही, फक्त पुढे कोण आणि मागे कोण, एवढाच. रीसागरच्या चक्कीतही अशीच मोटार होती, फक्त तिला पळवणारा वारा होता.

तर आता आपल्या शाळेकडे येऊ. ही शाळा उल्फबोर्ग गावाजवळच्या ट्विंडची, उत्तर समुद्राच्या वाऱ्यातली. 1975 च्या मेमध्ये काम सुरू झालं आणि 1978 च्या मार्चमध्ये चक्की फिरली. शिक्षकांनी आपले पगार एकत्र करून पैसा उभा केला, आणि कामाला माणसं आली चारशेच्या आसपास, त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी चक्की बांधलेली नव्हती. मनोरा 53 मीटर उंच, काँक्रीटचा. पात्यांच्या फेऱ्याचा व्यास 54 मीटर. जनरेटर आणला स्वीडनमधल्या कागद कारखान्यातला जुना, गिअरबॉक्स खाणीतल्या पाळण्याचा, आणि पाती फिरवायचा दांडा जहाजाचा. पाती मात्र काचतंतू आणि राळ वापरून त्यांनी स्वतः घडवली, तीही आधी छोटी पाती करून, हात बसल्यावरच मोठ्यांकडे वळून. त्या छोट्या पात्यांचे साचे त्यांनी झाकून ठेवले नाहीत. ते इतर कारागिरांच्या हाती गेले आणि डेन्मार्कातल्या लहान चक्क्या त्यांतून घडल्या.

एवढी मोठी कशाला, असं विचाराल. तर 54 मीटरच्या फेऱ्याचं क्षेत्र होतं साडेबावीस गुंठे. ताशी 36 किलोमीटरचा वारा त्यातून सुटला की दर सेकंदाला 28 टन हवा पलीकडे जाते. हवेलाही वजन असतं, हे आपण विसरतो! वेग दुप्पट झाला की जोर आठपट होतो, त्यामुळे चक्कीवाल्याला झुळुकीपेक्षा वादळाची चिंता जास्त. आणि सगळा जोर काही आपल्याला मिळत नाही; आल्बेर्ट बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं हिशेब करून दाखवलं की, कितीही शहाणपणा केला तरी शंभरातले एकोणसाठ भागच पदरात पडू शकतात, कारण मागच्या वाऱ्याला जागा करून द्यायची तर पुढच्यानं निघून जायलाच हवं.

ट्विंडची यंत्रणा दोन मेगावॉटची, पण ती साधारण निम्म्या ताकदीवरच चालवली. पाती आपल्या मुळाशी वळवून वाऱ्याचा जोर सोडून देता येतो. वाऱ्याबरोबर फेरे कमीजास्त होत असल्यानं तिची वीज आधी एकदिश करून, मग 50 आवर्तनांची, जाळ्याच्या तालात बसणारी केली जाते.

त्याच सुमारास जर्मनीत सरकारनं मोठ्या कंपन्या हाताशी धरून 100 मीटर व्यासाची ग्रोवियन चक्की बांधली. 1983 ते 1987 या काळात ती जेमतेम 420 तास चालली आणि पुढच्या वर्षी मोडीत निघाली. ट्विंडची चक्की मात्र, 1993 मध्ये पाती बदलली तरी, चाळिशी ओलांडूनही फिरत राहिली.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाला उद्या चक्की करायची हौस आली तर जरूर करा, पण आधी लहान करा. ती जाळ्याला जोडण्याआधी वीज कंपनीची परवानगी घ्या, आणि तार मेली की चक्की आपोआप सुटी होईल अशी सोय करा, कारण त्या खांबावर तेव्हा कुणाचा तरी मुलगा दुरुस्तीला चढलेला असतो. आणि सगळ्यांत पहिलं काम हे, की चक्की वादळात थांबवायची कशी ते कागदावर ठरवा, ब्रेक दोन ठेवा, मगच ती फिरवायला घ्या.