पुणे करार आणि वायतांगीचा तह : आपला प्रतिनिधी कोणी निवडावा?

पुण्याहून नगर रस्त्याने शिरूरकडे जाताना भीमा नदीच्या काठी, कोरेगाव भीमाजवळ विजयस्तंभ दिसतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचे ते स्मारक असून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १ जानेवारी १९२७ रोजी त्यास भेट दिली होती. त्यानंतर पावणेसहा वर्षांनी याच जिल्ह्यात, येरवडा कारागृहात, २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. येरवड्याजवळून वाहणारी मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडवरून पंढरपूरकडे जाते. या नदीकाठच्या गावांतील अनेक ख्रिस्ती कुटुंबांच्या आयुष्यावर त्या कराराची छाया आजही आहे. तो करार आपण नीट समजून घ्यावा, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम आपण दूरच्या न्यूझीलंडकडे पाहू. तेथील मूळ रहिवासी माओरी. त्यांच्या प्रमुखांनी ६ फेब्रुवारी १८४० रोजी ब्रिटिश राजसत्तेशी वायतांगी येथे तह केला. पुढील काही महिन्यांत पाचशेहून अधिक प्रमुखांनी सह्या केल्या. त्यांतील बहुतेकांनी माओरी भाषेतील मसुद्यावर. इंग्रजी मसुद्यात प्रमुखांनी सार्वभौमत्व सोडून दिले, असे लिहिले होते. माओरी मसुद्यात मात्र राजसत्तेला केवळ ‘कावानातांगा’, म्हणजे कारभार पाहण्याचा अधिकार दिला होता आणि जमिनी, गावे व मौल्यवान ठेव्यावरील ‘तिनो रांगातिरातांगा’, म्हणजे पूर्ण स्वामित्व, प्रमुखांकडेच राखले होते. एका तहाचे दोन अर्थ झाले आणि पुढील शतकभर माओरींच्या जमिनी हातातून जात राहिल्या. तहाच्या वेळी फ्रेंच मिशनरी बिशप पॉम्पालिए उपस्थित होते. त्यांच्या आग्रहावरून सर्व धर्मांना व माओरींच्या रूढींनाही संरक्षण मिळेल, असे आश्वासन तेथे वाचून दाखविण्यात आले, हे आपण कॅथलिकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१८६७ साली न्यूझीलंडच्या संसदेत माओरींसाठी चार जागा निर्माण झाल्या. ही तरतूद प्रथम पाच वर्षांसाठीच होती. ती आजतागायत टिकून आहे आणि आता जागा सात आहेत. या जागांचे वैशिष्ट्य असे की, माओरी मतदारयादीत नाव नोंदविलेले मतदारच त्या जागांवरील प्रतिनिधी निवडतात. आपल्या राजकीय भाषेत यालाच ‘विभक्त मतदारसंघ’ म्हणतात.

नेमकी हीच मागणी डॉ. आंबेडकरांनी गोलमेज परिषदेत केली होती. १७ ऑगस्ट १९३२ रोजी ब्रिटिश सरकारने जाहीर केलेल्या जातीय निवाड्यात ती मान्यही झाली. अस्पृश्य मतदारांना दोन मते मिळणार होती : एक सर्वसाधारण मतदारसंघात आणि दुसरे आपला स्वतःचा प्रतिनिधी निवडण्यासाठी. यामुळे हिंदू समाज कायमचा दुभंगेल, असे गांधीजींचे म्हणणे होते. त्यांनी २० सप्टेंबरपासून येरवड्यात आमरण उपोषण आरंभिले. बाबासाहेबांसमोर मोठा पेच उभा राहिला. एकीकडे आपल्या समाजाचा हक्क होता, तर दुसरीकडे गांधीजींचे प्राण आणि त्यांच्या मृत्यूनंतर खेड्यापाड्यांतील दुर्बळ माणसांवर कोसळू शकणारा रोष.

अखेर तडजोड झाली. विभक्त मतदारसंघ गेले. त्यांऐवजी प्रांतिक कायदेमंडळांत संयुक्त मतदारसंघांतून १४८ राखीव जागा ठरल्या. त्यांपैकी मुंबई इलाख्याच्या वाट्याला सिंधसह १५ जागा आल्या. प्रत्येक राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवार निवडावेत आणि त्या चौघांतून एकाची निवड सर्व मतदारांनी करावी, अशी योजना होती. तिचा अर्थ स्पष्ट आहे. प्राथमिक फेरीत पहिला आलेला उमेदवार अंतिम फेरीत मागे पडू शकत होता आणि चौथा आलेला निवडून येऊ शकत होता. जागा त्या समाजाची, परंतु निर्णायक मत इतरांचे. जागांची संख्या वाढली खरी, पण निवडीचा अधिकार विरळ झाला. १९४५ च्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी या करारावर कठोर टीका केली आणि १९४७ च्या निवेदनात विभक्त मतदारसंघांची मागणी पुन्हा मांडली. संविधानाने राखीव जागा स्वीकारल्या, प्राथमिक फेरी मात्र ठेवली नाही. प्रथम दहा वर्षांसाठी असलेली ही तरतूद वेळोवेळी वाढत गेली. १०४ व्या घटनादुरुस्तीने ती २०३० पर्यंत नेली आहे.

शिरूर व दौंड हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत खुले राहिले. तेथील गावकऱ्यांना राखीव जागेचा प्रत्यक्ष अनुभव येतो तो ग्रामपंचायतीत. खुर्चीवर एक जण आणि कारभार दुसऱ्याच्या हाती, हे चित्र गावाला अपरिचित नाही. जागा मिळणे आणि आवाज मिळणे यांत अंतर असते, ते असे.

आपल्या ख्रिस्ती बांधवांना तर ती जागाही मिळत नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती व मुस्लिम बाहेरच राहिले. एकाच आजोबांचे दोन नातू, एकाच वस्तीत राहणारे. परंतु ज्याने बाप्तिस्मा घेतला आहे, त्याला अनुसूचित जातीसाठी राखीव जागेवर उमेदवारी करता येत नाही. गाव त्याची जात विसरत नाही, कायदा मात्र विसरतो! न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली हा धार्मिक भेद दूर करण्याची शिफारस केली. २०२२ साली केंद्र सरकारने न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नाच्या अभ्यासासाठी आयोग नेमला.

करार एकदा झाला म्हणजे हक्क कायमचा सुरक्षित झाला, असे नसते. वायतांगीच्या तहाच्या तत्त्वांची नव्याने व्याख्या करू पाहणारे विधेयक नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेत आले, तेव्हा हजारो लोक वेलिंग्टनपर्यंत मोर्चाने गेले. १० एप्रिल २०२५ रोजी ते विधेयक ११ विरुद्ध ११२ मतांनी फेटाळले गेले. १८५ वर्षांपूर्वीच्या सह्यांचे रक्षण जिवंत माणसांना करावे लागले.

आमच्या मते हा प्रश्न केवळ शासनाला विचारून भागणार नाही. आपल्या पॅरिश कौन्सिलमध्ये, शाळांच्या व्यवस्थापनात, सहकारी संस्थांत दलित ख्रिस्ती बांधव-भगिनी किती आहेत? आणि जे आहेत, त्यांना त्यांच्या लोकांनी निवडले आहे की आपण? शासनाकडे न्याय मागताना या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर आपल्यापाशी असायला हवे.