इंटरनेट कंपनीने ईमेल बंद केला तर?

न्यूझीलंडमध्ये व्होडाफोनने 2017 मध्ये आपली ईमेल सेवाच बंद केली. अमेरिकेत कॉक्स या इंटरनेट कंपनीने 2024 मध्ये ग्राहकांचे मेलबॉक्स याहूकडे सोपवले. धडा एकच: जोडणीसोबत फुकट मिळालेला पत्ता आपला नसतो. आपल्याकडे एकेकाळच्या इंटरनेट कंपनी व्हीएसएनएलचा पत्ता मिरवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको!

मग जायचं कुठे? माझ्या पाहण्यातले तीन पर्याय:

🔹 प्रोटॉन (स्वित्झर्लंड): मेल कुलूपबंद (म्हणजे एन्क्रिप्ट करून) साठवतात, कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. मोफत खातं आहे, पण थंडरबर्डमध्ये (संगणकावर मेल उघडण्याच्या प्रोग्रॅममध्ये) मेल हवा असेल तर पैसे भरावे लागतात.
🔹 टूटा (जर्मनी): विषयाची ओळसुद्धा कुलपात. मात्र त्यांचंच अ‍ॅप किंवा वेबसाइट वापरावी लागते.
🔹 फास्टमेल (ऑस्ट्रेलिया): सशुल्क. जाहिराती नाहीत, थंडरबर्ड चालतं. पण प्रोटॉनसारखं कुलूप नाही.

सामान हलवताना:
1. जुनं खातं थंडरबर्डला जोडा. सगळे मेल ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करा, तरच ते संगणकावर राहतात.
2. बँक, विमा, आयकर इथला पत्ता आधी बदला. पासवर्ड विसरलात तर तो बदलण्याचा दुवा जुन्याच पत्त्यावर जाईल!
3. जमलं तर स्वतःचं डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) घ्या. उद्या कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो. त्यासाठी मुख्यतः डोमेनच्या सेटिंगमधली ‘एमएक्स’ नोंद (मेल कुठे पोचवायचा ते सांगणारी) बदलायची.

बंद होण्याची नोटीस येण्याची वाट पाहू नका. या रविवारी पहिली पायरी तरी उरकून टाका.