रस आंबट, पण गुण कुठे गेला?

इ. स. १७४७. ‘सॅलिस्बरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर स्कर्व्ही झालेले बारा खलाशी पडून होते. हिरड्या सडलेल्या, अंगावर डाग, गुडघ्यांत बळ नाही. जेम्स लिंड या डॉक्टरने त्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला निराळा उपचार दिला. संत्री-लिंबे मिळालेली जोडी सहा दिवसांतच सावरली. त्यांतला एक तर कामावर रुजू झाला!

पण लिंबे महिनोन्‌महिने जहाजावर टिकणार कशी? लिंडने युक्ती सुचवली. रसाचे भांडे गरम पाण्यात तासन्‌तास ठेवायचे आणि रस पाकासारखा आटला की बाटलीत भरायचा. इथेच घात झाला. क जीवनसत्त्वाचा हवेतील ऑक्सिजनशी चटकन संयोग होऊन ते नष्ट होते. उष्णतेने ही क्रिया आणखी वेगाने घडते. आंबटपणा मात्र सायट्रिक अम्लाचा. तो आटवून जात नाही, त्यामुळे जिभेला फरक कळेना. बिचाऱ्या लिंडला तरी कसा कळावा? जीवनसत्त्व ही कल्पनाच तेव्हा नव्हती.

१७९५ पासून ब्रिटिश आरमार न आटवलेला रस देऊ लागले आणि स्कर्व्ही हटली. पुढे १८६० नंतर भूमध्य सागराकाठच्या मोठ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधली लहान लिंबे आली, म्हणजे आपल्या कागदी लिंबाचीच भावंडे. ती जास्त आंबट, म्हणून जास्त गुणकारी, असा समज! त्यांचा रस उघड्या टाक्यांत निवळत ठेवीत, तांब्याच्या नळ्यांतून खेळवीत. तांब्याचा नुसता अंश रसात उतरला तरी क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण झपाट्याने होते.

१८७५ मध्ये कॅप्टन नेअर्सची मोहीम उत्तर ध्रुवाकडे निघाली. जहाजावर हिवाळाभर हा रस पिऊनही वसंतात घसरगाड्या ओढताना खलाशी स्कर्व्हीने कोसळले आणि १८७६ मध्ये मोहीम परतली. गाड्यांवर रस नेला नाही म्हणून नेअर्सवर ठपका आला. रसावर कोणी फारसा संशय घेतला नाही. लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि सहकाऱ्यांनी १९१८ च्या सुमारास उलगडा केला. या लहान लिंबांच्या ताज्या रसाचा गुण मोठ्या लिंबांच्या रसाच्या जेमतेम चौथाई. टिकवून ठेवलेल्या रसात तर जवळजवळ काहीच नाही.

वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येने लिंबू हे मृदुफळच. दुसऱ्या एका मृदुफळाची, ब्ल्यूबेरीची, तऱ्हा उलटी. तिथे थोडी उष्णता उपकारक ठरते! फळ ठेचताच त्यातील विकरे हवेच्या मदतीने जांभळ्या रंगद्रव्यांचा नाश करू लागतात. आधी काही मिनिटे वाफ दिली तर विकरे निकामी होतात आणि रसात रंगद्रव्ये अधिक उतरतात. तरीही बराचसा ठेवा सालीतच राहतो, आणि रस गाळल्यावर चोथ्याबरोबर फेकला जातो.