नवी गाडी, हौसेचा साज आणि वॉरंटी

गणेशचतुर्थी जवळ आली की आपल्या गावांतून तरुण मंडळींची एकच धांदल उडते. कोणी मखर बांधतो, कोणी ढोल-झांजा बाहेर काढतो, आणि ज्याच्या दारात गाडी असेल त्याच्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीचे काम आपोआप येते. दोन वर्षांपूर्वी हे काम माझ्या पुतण्याकडे आले. त्याने नुकतीच कर्ज काढून नवी पिकअप घेतली होती.

पोराला हौस दांडगी. गाडी घरी येऊन सहा महिने झाले नाहीत तोच त्याने मोठ्या जांत बसविल्या, पुढे दोन जादा दिवे लावले आणि मिरवणुकीसाठी भलामोठा ॲम्प्लिफायर जोडून घेतला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! बाप्पा समुद्रावर सुखरूप पोहोचले, पण परतताना गाडीतून जळका वास आला आणि ती वाटेतच बंद पडली. ॲम्प्लिफायरची वायर थेट बॅटरीपासून, मध्ये फ्यूज न घालता ओढली होती. ती पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली आणि शेजारचा वायरींचा सगळा जुडगा जळाला.

विक्रेत्याने गाडी पाहिली आणि दोनच शब्द सांगितले, "वॉरंटी संपली." गाडीच्या एअरकंडिशनचा कॉम्प्रेसर आवाज करीत होता, तोही बदलून देण्यास त्याने नकार दिला. पुतण्या रडवेला होऊन माझ्याकडे आला. "काका, अजून चार वर्षांचे हप्ते फेडायचे आहेत. आता काहीही बिघडले तर सगळे मीच भरायचे का?"

हा प्रश्न आज अनेक घरांत आहे, म्हणून त्याचा थोडा विचार करू.

वॉरंटी म्हणजे गाडी बनविणाऱ्याने दिलेले वचन. ठरावीक वर्षे किंवा ठरावीक किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तोपर्यंत, मालात किंवा जोडणीत दोष निघाला तर तो दुरुस्त करून देईन, असे ते वचन असते. दुसऱ्या कोणी केलेल्या फेरफाराने झालेले नुकसान त्यात येत नाही. म्हणजे विचारायचा प्रश्न एकच: हा बिघाड त्या फेरफारामुळे झाला का?

काही फेरफारांचा संबंध उघड असतो. गाडी खाली बसविण्यासाठी आखूड स्प्रिंग घातल्या तर शॉक ॲब्सॉर्बर, रबरी बुश आणि चाकांना शक्ती नेणारे सांधे यांवर वेगळा ताण येतो. बाहेर निघणाऱ्या रुंद जांतांमुळे चाकाच्या बेअरिंगवर भार वाढतो, आणि टायरचा एकूण व्यास बदलला तर वेगाचा काटाही चुकीचा आकडा दाखवितो. तेल लावलेला एअर फिल्टर बसविला आणि तेल जास्त झाले, तर हवा मोजणारा नाजूक सेन्सर खराब होऊ शकतो. इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून जोर वाढविला तर टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्स हे सगळेच वादात सापडतात. पुष्कळांना वाटते की गॅरेजला नेण्यापूर्वी जुना प्रोग्राम परत घातला की झाले. तसे नाही. अनेक गाड्यांचा कॉम्प्युटर अशा बदलाची खूण जपून ठेवतो.

आपल्या बेटावर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. समुद्राची खारी हवा लोखंडाला सोडत नाही. दिवे किंवा टपावरचा कॅरियर बसविताना पत्र्याला भोके पाडली आणि रंग उडाला, तर तेथून गंज शिरतो. गंजाची वॉरंटी असली तरी अशा भोकापासून सुरू झालेला गंज तीत धरीत नाहीत.

उलट, जांत बदलल्या म्हणून रेडिओची वॉरंटी जावी, याला काही अर्थ नाही. आमची तरुण मुले अमेरिकन व्हिडिओ पाहून तिकडच्या १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याचा दाखला देतात. केवळ बाहेरचा भाग वापरला म्हणून तिकडे वॉरंटी नाकारता येत नाही, हे खरे. पण तो कायदा तिकडचा. आपल्याकडे आधी पाहायची ती आपली वॉरंटीची पुस्तिका. त्याखेरीज आपला दिवाणी कायदा नेपोलियनच्या संहितेतून आला आहे. ती १८०४ साली फ्रान्समध्ये झाली आणि १८०५ साली या बेटावर लागू झाली. विकलेल्या वस्तूत विक्रीच्या वेळीच लपलेला गंभीर दोष असेल, तर त्यानुसार विक्रेता जबाबदार ठरतो. ही जबाबदारी वॉरंटीच्या पुस्तिकेहून वेगळी आहे. मात्र दोष आधीपासून होता, हे ग्राहकाला दाखवावे लागते.

शाळेत मी मुलांना सांगतो, आधी प्रश्न नीट वाचा, मग लिहा. काका-पुतण्या दिव्याखाली बसलो आणि ती बारीक अक्षरांची पुस्तिका शेवटपर्यंत वाचली. फेरफारामुळे झालेले नुकसान वगळले होते. सगळी वॉरंटी संपते असे कोठेही लिहिले नव्हते. शिवाय कॉम्प्रेसरच्या आवाजाची नोंद पहिल्या सर्व्हिसच्या कागदावर होती, म्हणजे ॲम्प्लिफायर येण्याच्या आधीची! आम्ही विक्रेत्याला साधे पत्र लिहिले: कॉम्प्रेसरचा दोष कोणत्या फेरफाराने झाला, ते कृपया लेखी कळवावे. तीन आठवड्यांनी कॉम्प्रेसर फुकट बदलून मिळाला. वायरींचा खर्च मात्र पुतण्यानेच सोसला, आणि तो त्यानेच सोसायला हवा होता.

यातून घेण्यासारखे एवढेच. काही बसविण्यापूर्वी विक्रेत्याला विचारावे आणि उत्तर कागदावर घ्यावे. शक्य तर साहित्य त्याच्याकडूनच बसवून बिलावर त्याची नोंद करून घ्यावी. विजेचे काम जाणत्या माणसाकडून, फ्यूज घालूनच करावे. सर्व्हिसची प्रत्येक पावती जपून ठेवावी. विमा कंपनीलाही फेरफार कळवावा. नाही तर अपघाताच्या वेळी दुसरेच संकट उभे राहते. आणि पुस्तिका इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये असेल, तर घरातल्या शिकलेल्या मुलाने ती वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावी.

गेल्या चतुर्थीला बाप्पा त्याच पिकअपमधून समुद्रावर गेले. ॲम्प्लिफायर नव्हता. ढोल आणि झांजा होत्या, आणि आरती सर्वांना नीट ऐकू आली.